लेम्पीचं डावखुरं धनुष्य

सायमा कोस्केला टपालखात्यातून निवृत्त झाली त्याच ऑगस्टमध्ये तिने जाहीर केलं की शिकारीच्या या सीझनला ती पुन्हा धनुष्य घेऊन जंगलात जाणार. जाहीर केलं म्हणजे काय, तर रविवारी चर्चच्या तळघरात सगळे कॉफी पीत असताना नवऱ्याला म्हणाली, "रुडी, ऑक्टोबरात संध्याकाळचं जेवण तुझं तू बघायचं." आमच्या गावात तेवढं पुरतं. कप बशीत ठेवायच्या आत बातमी तलावाच्या पलीकडे पोचली होती.

नऊ वर्षं ती शिकारीला गेली नव्हती. कुणी विचारलं तर सांगायची की खांदा गेलाय. ते खोटं नव्हतं. सगळं आयुष्य गाडीच्या खिडकीतून उजवा हात बाहेर काढून लोकांच्या पेट्यांत टपाल टाकलं, तर खांदा जाणारच. पण तो खांदा गेल्या हिवाळ्यात ऑपरेशन करून नीट झाला होता. दुसरं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. त्या कारणाचं नाव लेम्पी.

लेम्पी सायमाची थोरली बहीण. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. दोघींना बापाने धनुष्य शिकवलं आणि दोघी जन्मभर जोडीने शिकारीला गेल्या. मग एका वर्षी आठ टोकांच्या शिंगांचा एक नर हरीण दोघींच्या मधून गेला. दोन झाडांवरून दोन बाण सुटले आणि दोन्ही लागले. पहिला कुणाचा? सायमा म्हणे माझा, लेम्पी म्हणे माझा. मांसावरून भांडण झालं नाही. मांसावरून आमच्याकडे कुणी भांडत नाही. भांडण शिंगांवरून. शेवटी लेम्पीने करवत आणली. चार टोकं सायमाच्या स्वयंपाकघरात टांगली गेली, चार लेम्पीच्या टीव्हीच्या वर, आणि बोलणं बंद.

बोलणं बंद, पण भेट रोज. कारण लेम्पीचं टपाल सायमाच पोचवायची. यात लेम्पीने आपला आनंद शोधला. ती टपालाने जड वस्तू मागवू लागली. पाखरांसाठी सूर्यफुलाच्या बियांच्या गोण्या, बिडाचे तवे, एकदा तर लोहाराची ऐरण. लेम्पीला ऐरण कशाला हवी होती हे आजवर कुणाला कळलेलं नाही. ती पेटीत मावेना, म्हणून सायमाने नियमाप्रमाणे ती उचलून दारापर्यंत नेली, पायरीवर ठेवली, घंटा वाजवली आणि परत फिरली. खिडकीचा पडदा जरासा हलला. एवढाच काय तो त्या वर्षातला बहिणींचा संवाद.

तर, ऑगस्ट. सायमाने माळ्यावरून जुनं कंपाउंड धनुष्य, दोन्ही टोकांना चाकं असलेलं, काढलं, पुसलं आणि गॅरेजमधल्या टेबलावर ठेवून ती आत भांडी घासायला गेली. रुडी तिथेच होता. रुडी माणूस भला, पण मासे पकडणारा. त्याला वाटलं, बघू तरी आपल्याला ओढतं का. ओढलं. मग परत हळूच आणता येईना, हात थरथरायला लागला, म्हणून सोडून दिलं. बाण न लावता धनुष्य सोडायचं नसतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, कारण बाणाबरोबर जो जोर जायचा तो धनुष्यातच फुटतो. बंदुकीसारखा आवाज झाला. एक दोरी छपराच्या वाशात जाऊन अडकली, एक चाक वाकलं आणि वरचा दांडा उभा चिरला.

सायमा हातातला फडका घेऊनच धावत आली.

"लागलं का कुठे?"

"नाही गं."

"डोळे, बोटं, सगळं जागेवर?"

"जागेवर."

"बरं झालं. म्हणजे आता मी मारायला मोकळी."

रुडीचं ते अगदी हात दाखवून अवलक्षण झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच गाडी काढून तिला लायल बोड्रीच्या दुकानात घेऊन गेला आणि वाटेत दहादा म्हणाला, "तुला आवडेल ते घे."

लायलचं दुकान म्हणजे पुढे खिळे, रंग आणि पाइप. धनुष्यं मागे, आणि त्यांच्यामागे नेम धरून बघायला एक लांबलचक खोली, तिच्या टोकाला भुशाच्या गादीचं निशाण. लायल धनुष्य विकायला बसलेला नसतो, गिऱ्हाइकाशी वाद घालायला बसलेला असतो. विक्री मधूनमधून आपोआप होते.

"माझी ओढ पंचावन्न पौंड," सायमाने आत शिरताच सांगितलं. ओढ म्हणजे दोरी मागे आणायला लागणारा जोर.

"होती."

"हात तोच आहे, लायल."

"खांदा कुठे तोच आहे?"

तिने भिंतीवरचं एक धनुष्य मागितलं. ते लांब, भरभक्कम होतं. हातात धरलं की हलत नव्हतं, पण पुढे केलेला हात थोड्याच वेळात लोंबायला लागे. दुसरं शर्यतीच्या घोड्यासारखं. बाण दिसायच्या आत निशाणात, पण ओढताना अंगावर यायचं, आणि पूर्ण ओढून धरलं की सुटायची घाई करायचं. तिसरं आखूड, दिसायला साधंच. लायलने तेही आधी पंचावन्नवर लावून दिलं. सायमाने श्वास घेतला, धनुष्य वर छताकडे नेलं आणि सगळं अंग लावून खाली आणत आणत ओढलं. तोंड बीटासारखं लाल झालं.

"छतावर हरीण आहे का?" लायलने विचारलं.

"ओढलं की नाही?"

"ओढलंस. जंगलातली सगळी हरणं तुझं हे कवायत करणं बघून घरी गेली. बस त्या स्टुलावर. आता दोन्ही पाय जमिनीवरून उचल. धनुष्य सरळ निशाणावर धर आणि तसंच मागे ओढ. वर नाही, खाली नाही."

सायमाने पाय उचलले. धनुष्य जागचं हलेना. ती मात्र स्टुलासकट गोल फिरली. रुडी हसला आणि लगेच रंगाचे डबे वाचायला लागला.

लायल किल्लीने ओढ कमी करत गेला. पन्नासला ती कण्हली, पंचेचाळीसला दात दिसले, बेचाळीसला दोरी लोण्यातून सुरी ओढावी तशी मागे आली. शेवटच्या टप्प्यात चाकं फिरली आणि हातातला सगळा भारच नाहीसा झाला. तिने बराच वेळ तसंच धरून ठेवलं. उतरवायला मन होईना.

"बेचाळीस काय!" ती तरीही म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"बेचाळीसचा बाण हरणाच्या आरपार जातो. लोक विचारतील, हरीण विचारणार नाही."

"ओढताना ऐकतं हे," ती म्हणाली. "हेच घ्यायचं."

इथे गोष्ट संपली असती. पण तिने बाण मारले आणि ते सगळे निशाणाच्या डावीकडे, हातभर लांब, एकमेकांना चिकटून लागले. लायलने नेमाचा ठिपका सरकवला. पुढचे बाण विखुरले. तिने डावा डोळा मिटून पाहिलं तर म्हणाली, दोरीत नेमासाठी बसवलेल्या भोकातून नुसतं धुकं दिसतंय. लायलने डोकं खाजवलं.

"दोन्ही हात पुढे कर. दोन पंज्यांमध्ये एक फट ठेव आणि त्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघ. दोन्ही डोळे उघडे. आता घड्याळ न सोडता हात तोंडापाशी आण."

हात डाव्या डोळ्यावर येऊन थांबले.

"डोळ्याचं काही केलंस का तू?"

"वसंतात डाव्याचा मोतीबिंदू काढला. उजव्याचा पुढच्या वर्षी बघू म्हणाले."

"झालं तर. आता घरात कर्ता डोळा डावा आहे. तुला डाव्या हाताने मारावं लागेल, सायमा. दोरी डाव्याने, धनुष्य उजव्यात. तसंही ओढायला तुझा डावाच खांदा धड आहे."

"जन्मभर मी उजव्या हाताने जेवले!"

"जेवताना नेम लागत नाही."

"डावखुरं आहे का तुझ्याकडे?"

लायलने मागून एक धनुष्य आणलं. ते सत्तर पौंडांचं होतं, कुणा राक्षसासारख्या लाकूडतोड्याने मागवून न नेलेलं. दुसरं आणलं, ते आठ वर्षांच्या मुलीचं, गुलाबी. तिसरं नव्हतं. हेच आखूड धनुष्य डावखुरं मागवायचं तर नोव्हेंबर उजाडणार होता आणि सीझन उघडतो ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी.

"मागव," सायमा म्हणाली, पण तिचा चेहरा पडला.

मग रंगाच्या डब्यांकडे तोंड करूनच रुडी म्हणाला, "लेम्पीकडे आहे."

लेम्पी जन्माची डावखुरी. दोन वर्षांपूर्वी तिने लायलकडूनच नवं धनुष्य घेतलं होतं.

"तिचं मला कसं बसेल?" सायमा म्हणाली. "प्रत्येकाच्या हाताच्या लांबीचं वेगळं लागतं, तूच सांगतोस ना?"

"दोघींना मीच मापलंय. बोटाच्या पेराचाही फरक नाही."

ते सायमालाही माहीत होतं. त्यांच्या आईने दोघींचे स्वेटर कायम एकाच मापावर विणले आणि बाह्या दोघींना बरोबर यायच्या.

"मेले तरी मागणार नाही," सायमा म्हणाली आणि घरी येऊन तिने वेलदोड्याचा पाव भाजला.

पाव कशाला हे रुडीने विचारलं नाही. संध्याकाळी तो पाव फडक्यात गुंडाळून लेम्पीकडे गेला. लवकर परत आला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मागायचं असेल तर मागणारीने यावं. टपालपेटीपाशी नाही, दारात."

"अजून?"

रुडी जरा घुटमळला. "म्हणाली, पाव खालून करपलाय."

सायमाने अंगावर कोट चढवला. "करपलाय? माझा पाव? आईच्या शेगडीवर हिने कोळसे भाजले तेव्हा मी काही बोलले का? चावी दे."

गाडी लेम्पीच्या दारात थांबली तेव्हा लेम्पी व्हरांड्यात बसून तोच पाव लोणी लावून खात होती.

"करपलेला आहे ना? मग खातेस कशाला?"

"वरून बरा आहे," लेम्पी म्हणाली. "बस. म्हातारी दिसायला लागलीस."

"तू माझ्याहून तीन वर्षांनी म्हातारी आहेस."

"मी दिसत नाही."

नऊ वर्षांनी झालेलं हे पहिलं बोलणं. सायमा शेजारच्या खुर्चीत बसली.

"ऐरण कशाला मागवलीस गं?" सायमाने विचारलं.

"ते आता सांगत बसू का? तुला काय हवंय ते बोल."

"धनुष्य."

"काय?"

"ऐकू आलं तुला."

"नाही आलं. म्हातारी आहे ना मी."

सायमाने दात आवळले. "लेम्पी, तुझं धनुष्य मला या सीझनपुरतं देशील का?"

"नाही," लेम्पी म्हणाली आणि उठून आत गेली. सायमा पायऱ्या उतरायला लागली. तेवढ्यात लेम्पी धनुष्य घेऊन बाहेर आली. "देणार नाही. मी जिथे जाईन तिथेच ते जाईल. तुला ते हवं असेल तर मलाही न्यावं लागेल. बघू, ओढता तरी येतं का."

मागच्या अंगणात भुशाचं निशाण होतं. त्याच्या बाजूला कोबीचा वाफा. सायमाने धनुष्य उजव्या हातात धरलं, दोरी सोडायचा मनगटाचा खटका डाव्या हाताला बांधला. सगळं आरशात बघून बूट घालावे तसं उलटं वाटत होतं. बाण लावायला तीनदा चुकली. ओढलं. ओढ सोपी गेली. पण खटका दाबायच्या आधी दम धरायचा हे डाव्या बोटाला कुणी शिकवलेलं नव्हतं. बाण सुटला आणि वाफ्यातल्या सगळ्यांत मोठ्या गड्ड्यात मधोमध जाऊन बसला.

लेम्पी शांतपणे गेली, कोबी उपटला, बाणासकट उंच धरला. "कोबीचा सीझन उघडला का गं? मला कुणी कळवलं नाही."

सायमाला हसू आवरेना. ते दाबायला ती खोकली, खोकता खोकता वाकली आणि मग दोघी व्हरांड्याच्या पायरीवर बसून डोळे पुसायला लागल्या.

"तू का नाही जात गं?" सायमाने मग विचारलं. "लायल म्हणत होता, दोरी अजून नव्यासारखी आहे."

"गेले होते. घेतलं त्या वर्षी. एक दिवस बसले एकटी." लेम्पीने बाण पुसला. "हरणंही आली. पण कुणाला चिमटा काढणार? उठून घरी आले."

सप्टेंबरभर सायमा रोज दुपारी तिथे जायची. लेम्पी शिकवायची, म्हणजे शिव्या घालायची. "कोपर!" "पाय!" "डोकं दोरीकडे नको नेऊस, दोरी तोंडापाशी आण. मासा आहेस का गळ गिळायला?" एकदा दोरी सायमाच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला सटकन लागली आणि जांभळाएवढा काळानिळा डाग उठला. तिने तो रविवारी चर्चमध्ये बाही वर करून सगळ्यांना दाखवला. दोघींच्या मध्ये बाकावर वर्षानुवर्षं कोट ठेवलेला असायचा. त्या रविवारी कोट नव्हता. आम्ही कुणी त्याबद्दल बोललो नाही, पण स्तोत्र जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

ऑक्टोबर आला. झाडावर चढायचं वय दोघींचंही राहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी जुन्या सफरचंदांच्या बागेच्या कडेला कापडी तंबू लावला. तीन बाजूंना फटी, आत दोन घडीच्या खुर्च्या आणि एक धनुष्य. एक दिवस एकीचा, एक दिवस दुसरीचा असा करार. करार पहिल्याच आठवड्यात मोडला, कारण पाऊस पडला तो दिवस मोजायचा की नाही यावर एकमत होईना.

"काल काही आलंच नाही, म्हणून काल मोजायचा नाही," लेम्पी कुजबुजली.

"तू थर्मासचं झाकण पाडलंस म्हणून आलं नाही."

"तू ती मांसकांदा भरलेली पास्टी खात होतीस. सगळ्या रानात कांद्याचा वास."

"हळू बोल."

"तूच बोलतेयस."

बाहेर सफरचंदाच्या झाडाखाली एक मादी उभी राहून बराच वेळ तंबूकडे बघत होती. दोघींची नजर तिच्यावर पडली तेव्हा तिचं फक्त पांढरं शेपूट दिसलं.

असं बरेचदा झालं. शेवटी एका दुपारी, ऊन तंबूच्या कापडावर पडून आत छान ऊब झाली होती, तेव्हा लेम्पीला झोप लागली. आधी मान कलली, मग ती घोरायला लागली. सायमा तिला ढोसणार होती, तेवढ्यात बागेच्या कडेला एक मादी दिसली. धष्टपुष्ट, अंगावर हिवाळ्याचे राखाडी केस आलेली. लेम्पी घोरली की तिचे कान उभे राहत, आणि घोरणं थांबलं की ती एक पाऊल पुढे येई. असा आवाज करणारा प्राणी या रानात तिने कधी ऐकला नव्हता, तो तिला बघायचाच होता.

सायमाने धनुष्य उचललं. सरळ, निशाणावर धरून, वर नाही, खाली नाही, तिने दोरी मागे आणली. चाकं फिरली आणि भार नाहीसा झाला. दोरीतल्या भोकात डावा डोळा आपोआप बसला, ठिपका मादीच्या खांद्यामागे आला. तिच्या छातीत धडधड इतकी होती की तिला वाटलं लेम्पी त्यानेच जागी होईल. ती थांबली. लेम्पी पुन्हा घोरली, मादीने मान तिकडे वळवली आणि सायमाने खटका दाबला.

मादी उडी मारून पळाली आणि नेच्यांच्या पलीकडे, डोळ्यांसमोरच, खाली बसावी तशी पडली. मग सगळं शांत.

सायमाने धनुष्य मांडीवर ठेवलं. ती पडलेल्या जनावराकडे बघत बसून राहिली. बापाने त्यांना तसंच शिकवलं होतं, उठायची घाई करायची नाही.

"काय झालं?" लेम्पी दचकून म्हणाली.

"काही नाही. हरीण मारलं."

"मी जागीच होते."

"हो ना. घोरत जागी होतीस."

लेम्पीने फटीतून बाहेर पाहिलं. मग थर्मासमधली कॉफी ओतून बहिणीच्या हातात दिली. "चांगला बाण," ती म्हणाली. सायमाला तिच्या तोंडून हे ऐकल्याचं आठवत नव्हतं. पण लगेच पुढे, "अर्धं माझं. धनुष्य माझं आहे."

"बाण माझा."

"खुर्ची माझी."

"नेम माझा!"

"घोरणं माझं. त्याच्याशिवाय ती आली असती का?"

"अर्धं घे," सायमा म्हणाली. "नशीब, मादीला शिंगं नसतात. नाहीतर पुन्हा करवत आली असती."

दोघी इतक्या हसल्या की जनावर ओढायचं बळ उरलं नाही. शेवटी रुडीला बोलावलं. तो बर्फाची घसरगाडी घेऊन आला, बर्फ नसताना, आणि कुरकुर न करता ओढत राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंनी दोघी चालत होत्या आणि ओढायची योग्य पद्धत त्याच्या दोन्ही कानांत ओतत होत्या.

नोव्हेंबरात लायलचा फोन आला. मागवलेलं डावखुरं धनुष्य पोचलं होतं. लेम्पीही बरोबर गेली, म्हणे "फसवू नये म्हणून."

नवं धनुष्य सुंदर होतं. रंग पानगळीतल्या ओकसारखा, वजन नावापुरतं. सायमाने तीन बाण मारले, तिन्ही गादीच्या मधोमध, वीतभर जागेत. लायलने नुसती मान हलवली. वाद घालायला काही सापडत नसल्यामुळे तो जरा नाराज दिसला.

"बघू," लेम्पी म्हणाली. "फक्त तपासते."

तिने एक बाण मारला. मग आणखी एक. मग लायलला म्हणाली, "ओढ जरा उतरव, अडतीसवर." मग आणखी मारले. ती काही बोलत नव्हती आणि लेम्पी काही बोलत नाही म्हणजे गोष्ट गंभीर असते. प्रत्येक बाणानंतर ती धनुष्य जरा दूर धरून बघायची, पहिल्यांदा कडेवर घेतलेल्या बाळाकडे बघावं तसं.

सायमा लेम्पीचं जुनं धनुष्य हातात धरून उभी होती. सप्टेंबरभर तिचा हात त्यावर बसला होता. मूठ कुठे जराशी खरबरीत आहे हे अंगठ्याला न बघता कळत होतं. पण नवं ते नवं, आणि ते तिचं होतं.

"मग," लायलने विचारलं, "यातलं कुणाचं कुठलं? मला त्याप्रमाणे बाण कापायचेत."

"लायल," सायमा म्हणाली, "मला ते नवं फार हलकं वाटतंय. वाऱ्यात हलेल. मी जुनंच ठेवते."

"मी आधीच म्हटलं होतं," लेम्पी म्हणाली. तिने असलं काही म्हटलं नव्हतं. "तुझ्या हाताला दणकट वस्तू लागते. नवं मी घेते, तुझी अडचण नको."

सायमाने हूं केलं. तिला खरंच जुनं आवडलं होतं की तिने बहिणीला नवं दिलं, हे तिने रुडीलाही सांगितलं नाही. आम्ही विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय?"

डिसेंबरच्या बर्फात दोघी पुन्हा त्या तंबूत बसल्या. आता दोन धनुष्यं होती आणि वाद होता तो पूर्वेकडच्या फटीचा. लेम्पीचं म्हणणं, नव्या धनुष्याला चांगली फट मिळायला हवी. सायमाचं म्हणणं, नवं धनुष्य कुठूनही मारतं, म्हणून तर ते नवं. त्या दिवशी एकही हरीण फिरकलं नाही. कसं फिरकणार? बागेच्या पलीकडच्या रस्त्याने मी लाकडं घेऊन जात होतो, मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.